मनोगताचे पान

शालेय प्रकल्प हा हल्ली घराघरांतला विषय झाला आहे. वडील रंगीत कागद आणि पुठ्ठे आणतात, आई वळणदार अक्षरात मथळे काढून देते आणि मूल शेजारी बसून पाहते. यातील गमतीचा भाग सोडला तरी एक प्रश्न उरतोच. जे काम आपण केले नाही, त्यावर आपले नाव घालावे काय?

सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातीला चार विषयांसाठी मिळून ‘पाणी’ हा एकच प्रकल्प मिळाला होता. गणितासाठी तिने न्हाणीघरातील गळक्या नळाखाली पेला ठेवला. २५० मिलिलिटरचा पेला भरायला ५० मिनिटे लागली; म्हणजे दिवसाला ७.२ लिटर पाणी वाया. इतिहासासाठी सयाजीराव महाराजांनी बांधविलेल्या आजवा सरोवराची माहिती जमविली. भाषेसाठी आजीला तिच्या माहेरच्या विहिरीविषयी बोलते केले. विज्ञानासाठी बाटली कापून तीत खडी, वाळू व कोळसा यांचे थर रचले. त्या गाळणीतून पाणी मात्र आधीपेक्षाही काळे आले.

दुसऱ्या दिवशी प्रकल्प द्यायचा होता. तिचा उतरलेला चेहरा मला पाहवेना. मी बाजारातून तयार प्रतिकृती आणली आणि शेवटी जोडायचे मनोगतही तिला सांगून लिहवून घेतले. कनिष्ठांनी तयार केलेल्या टिपणांवर सह्या करण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे यात काही वावगे वाटले नाही.

सकाळी पाहतो तो माझा मजकूर खोडलेला. खाली तिने लिहिले होते, “ही गाळणी आजोबांनी विकत आणली आहे. माझी बिघडली, कारण मी कोळसा धुऊन घेतला नव्हता. मी दोन्ही आणल्या आहेत.”

प्रथम मला राग आला, मग मी ओशाळलो. टिपणावरील अधिकाऱ्याची सही ‘हे मी लिहिले’ असे सांगत नाही; ‘याची जबाबदारी माझी’ एवढेच सांगते. लिहिणाऱ्याची आद्याक्षरे फाइलवर राहतातच. विद्यार्थ्याचे नाव मात्र ‘हे मी केले आणि यातून मी हे शिकलो’ असे सांगते. तेथे उसने काम ठेवले, तर फसवणूक गुरुजींची होते त्याहून अधिक मुलाची होते. आपली चूक समजून घेण्याची संधीच आपण त्याच्याकडून काढून घेतो.

मदत करूच नये, असे माझे म्हणणे नाही. कात्री धरावी, पुस्तक शोधून द्यावे, प्रश्न विचारावा. पण शिक्षकांनीही चकचकीत प्रतिकृतीला अधिक गुण देणे सोडले पाहिजे. नाहीतर खरे बोलणारे मूल दर वर्षी मागे पडेल. नातीला गुण थोडे कमीच मिळाले. पुढच्या रविवारी तिने कोळसा धुऊन पुन्हा थर रचले. या वेळी पाणी बरेच नितळ आले. त्याला कोणी गुण दिले नाहीत.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामाला शिक्षणाचे केंद्र मानले. तो हात मुलाचाच असावा, हे त्यात गृहीतच होते. आमच्या बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सक्तीने मूल शाळेपर्यंत आणता येते. खरेपणा मात्र सक्तीने येत नाही. तो मुलाच्या अंगी असतोच. वडीलधाऱ्यांनी तो खोडू नये, एवढेच पुरे.