फोटो हे कोणते प्रमाण?

मराठीत फोटो ‘काढतात’. चित्रही काढतात, आडातून पाणीही काढतात आणि पायातला काटाही. हैदराबादच्या सुलतान बाजारात हाच फोटो हिंदीत ‘खींचा’ जातो आणि उर्दूत तो तसवीर असतो किंवा अक्स. काढला किंवा खेचला म्हटले की समोरच्या वस्तूतून काहीतरी बाहेर आले. तसवीर म्हटली की कोणीतरी आकार घडवला. अक्स म्हणजे नुसते प्रतिबिंब. त्याला घडवणारा कोणी नाही. खिशातला छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन रोज बाजारातून जाणारा माणूस बटण दाबतो तेव्हा यातले नेमके काय घडते? तो पाहतो, घडवतो की साठवतो? प्रतिमा आणि ज्ञान यांचा हा वाद कॅमेऱ्याहून पुष्कळ जुना आहे आणि सुलतान बाजारात तर त्याचे जवळजवळ सगळे पक्ष एकमेकांच्या शेजारी राहतात.

ब्रिटिश रेसिडेन्सीच्या भिंतीबाहेर वसलेला हा बाजार आधी रेसिडेन्सी बाजार होता. 1933 मध्ये तो निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. येथील आर्य समाज या बदलाच्याही आधीचा, 1892 चा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या कामात पुढे असलेले केशवराव कोरटकर मराठी वकील होते. वामन नाईकांसोबत त्यांनी विवेकवर्धिनी ही मराठी शाळाही उभी केली. स्वामी दयानंदांनी ‘सत्यार्थ प्रकाश’मध्ये मूर्तिपूजेवर कडक टीका केली, तरी आर्य समाजाच्या मंदिरांत त्यांचा फोटो दिसतो. ही विसंगती वाटते, पण तशी ती नाही. त्या फोटोपुढे नैवेद्य नसतो. तो आठवणीसाठी असतो, उपासनेसाठी नाही. उलट मराठी घरातला आजोबांचा फोटो पाहावा. प्राणप्रतिष्ठा कोणी केलेली नसते, तरी हार चढतो, कपाळी गंध लागते, पितृपक्षात पुढे पान वाढले जाते. म्हणजे फोटो मूर्ती आहे की नाही हे फोटोवरून ठरत नाही, त्याच्यापुढे माणूस काय करतो यावरून ठरते.

इस्लाममधला प्रश्न निराळा आहे. तिथे आक्षेप पूजेइतकाच घडवण्याला आहे, कारण सजीवाला रूप देणे हे ईश्वराचे काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी मांडले की छायाचित्रकार काहीच घडवत नाही, आधीच असलेली सावली तो फक्त अडवून धरतो. आरशातले प्रतिबिंब चालते, तर थांबवलेले प्रतिबिंब का चालू नये? सगळ्या उलेमांना हे पटले नाही. डिजिटल कॅमेरा आल्यावर वाद पुन्हा उघडला. पडद्यावर उमटणारे आणि बटण बंद करताच विरणारे चित्र तसवीर ठरत नाही, कागदावर छापले की ठरते, असे काहींचे मत. दोन्हीत फरक नाही, असे इतरांचे. बाहेरच्याला हा काथ्याकूट वाटेल. पण फोटो कोणत्या क्षणी ‘होतो’, हा प्रश्न इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणी विचारलेला क्वचितच आढळतो.

सावली अडवण्याची उपमा सुंदर आहे, पण छोट्या कॅमेऱ्याच्या आत जे चालते त्याला ती पुरत नाही. साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 6 बाय 4.5 मिलिमीटरचा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यावरच्या लक्षावधी ठिपक्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळते. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर हिरवी, तांबडी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी बसवलेली असते. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही युक्ती 1970 च्या दशकातली. दुकानाच्या दारात टांगलेल्या मोरपंखी साडीचा फोटो घेतला, तर प्रत्येक ठिपक्यावर तीनपैकी एकच रंग मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरलेले असतात. त्या फोटोतला दोन तृतीयांश रंग म्हणजे अनुमान आहे.

ज्ञानाच्या साधनांना प्रमाणे म्हणणाऱ्या न्यायदर्शनाच्या भाषेत हे मोठे वळण आहे. प्रत्यक्ष ज्ञान इंद्रिय आणि वस्तू यांच्या संबंधातून व्हावे लागते, ते निश्चित आणि न चुकणारे असावे लागते. कॅमेऱ्यात प्रकाशाचा संबंध आहे, पण जाणणारा नाही, आणि बराचसा भाग तर्काने आलेला आहे. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाची अट आणखी कडक: नाव आणि जाती चिकटली की ते शुद्ध प्रत्यक्ष राहत नाही, ती कल्पना झाली. सेन्सरवरच्या कच्च्या आकड्यांना नाव नसते, म्हणून क्षणभर वाटते की दिङ्नागाचे प्रत्यक्ष यंत्राला साधले. पण तिथे जाणीवच नाही, मग ज्ञान कोणाला व्हायचे? शिवाय यंत्र लगेच नावे देऊ लागते. चेहरा ओळखण्याची सोय चालू ठेवून कॅमेरा कपड्यांच्या दुकानाकडे वळवला, तर दाराशी उभ्या प्लास्टिकच्या पुतळ्याच्या तोंडाभोवती चौकोन उमटतो आणि मागून घासाघीस करत येणारी बाई धूसर राहते. दोन डोळे, नाक, तोंड, म्हणून माणूस! धुके पाहून धूर समजणाऱ्याची जी चूक नैयायिक सांगतात, तीच ही.

मग फोटोला प्रमाण म्हणावे तरी कोणते? एक उत्तर फारसे दिले जात नाही, पण तेच बरोबर दिसते. फोटो हा शब्दप्रमाणाच्या जवळचा आहे, म्हणजे तो साक्ष आहे. नैयायिकांच्या मते साक्ष खरी ठरते ती आप्ताच्या शब्दामुळे, आणि न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे. आप्त ऋषी असो वा परदेशी, दोघांना हेच लागू. याचा अर्थ फोटोची सत्यता यंत्राच्या मेगापिक्सेलवर नाही, बटण दाबणाऱ्याने आधी पाहिले होते की नाही यावर अवलंबून आहे. न पाहता काढलेला फोटो म्हणजे न जाणता दिलेली साक्ष. अस्तित्वातच नसलेल्या दृश्याचा फोटो आता संगणकही तयार करतो, तेव्हा तर हा मुद्दा टाळताच येत नाही.

फोटो काढणे म्हणजे नुसते साठवणे, हा आक्षेप यापुढे थोडा फिका पडतो. फिल्मच्या रिळात 36 फोटो मावत. 32 जीबीच्या कार्डात पाच एमबीचे सहा हजारांवर मावतात. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या जैनाला हे खटकावे. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख संख्येने केलेली नाही, मूर्च्छेने म्हणजे आसक्तीने केली आहे. एकच फोटो उराशी धरून बसणारा परिग्रही असू शकतो, आणि सहा हजार काढून निवांतपणे पुसून टाकणारा नसू शकतो. हे दुसरे उदाहरण तसे विरळाच.

साक्षीची किंमत कळते ती जागा बदलल्यावर. मेट्रोचा मार्ग सुलतान बाजारातून नेऊ नये म्हणून व्यापाऱ्यांनी कित्येक वर्षे विरोध केला. अखेर 7 फेब्रुवारी 2020 रोजी येथील स्थानकासह जुबिली बस स्टेशन ते महात्मा गांधी बस स्टेशन हा मार्ग सुरू झाला. पूर्वी दुकानांच्या ओळींमधून आकाश दिसे, तिथे आता डोक्यावर काँक्रीट आहे. आधीच्या रस्त्याचे कोणी सहज काढलेले फोटो आज पुरावा झाले आहेत. काढताना ते पुराव्यासाठी काढले नव्हते, हेच त्यांचे बळ.

अशा फोटोसोबत तारीख आणि वेळही नोंदली जाते, आणि ती कॅमेऱ्याच्या आतल्या घड्याळावरून येते. बॅटरी फार दिवस काढून ठेवली की हे घड्याळ मागे, कारखान्यातल्या एखाद्या 1 जानेवारीवर जाते आणि त्यानंतरचा प्रत्येक फोटो चुकीच्या दिवसाची ग्वाही देतो. साक्षीदाराने निदान दिवस तरी बरोबर सांगावा. कॅमेरा पुन्हा बाहेर काढताना घड्याळ आधी लावून घ्यावे.