जो रडतो, त्यालाच आधी?



आमची दोन मुले शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. थोरली दहा वर्षांची, मधला सात वर्षांचा. त्यात बाळ आले आणि आमची घरची शाळा कोलमडली. दिवसभर किरकिर आणि संध्याकाळ झाली की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन तासन्‌तास रडणे. डॉक्टरांनी तपासून सांगितले, आजार काही नाही. असे रडणे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते.

एके दिवशी थोरली अपूर्णांकांची वही घेऊन तीनदा आली. तिन्ही वेळा मी म्हटले, "थांब गं, बाळ झोपू दे." चौथ्यांदा ती आलीच नाही. मला वाटले, किती समजूतदार मुलगी! रात्री वही उघडली, तर पान कोरे. विचारले तेव्हा म्हणाली, "तुला वेळ नव्हता ना, मम्मी."

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. जो रडतो त्यालाच आधी घ्यावे, हा न्याय आहे का? तान्ह्याला थांबता येत नाही. रडणे हीच त्याची भाषा. त्याला आधी घेणे हा पक्षपात नव्हे. न्याय म्हणजे सारखी वाटणी नव्हे, गरजेप्रमाणे देणे. पण गरज आवाजावरून मोजली की गप्प बसणारा उपाशी राहतो. मोठ्या मुलांच्या समजूतदारपणाचा आपण फायदा घेतो आणि त्याला 'त्याग' म्हणतो. त्याग स्वखुशीचा असतो. लादलेला तो त्याग नव्हे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. त्याच ठिकाणी, कुटुंबाला या कामी सर्व समाजाच्या मदतीची गरज आहे, असेही सांगितले. हे दुसरे वाक्य मी विसरले होते. मदत मागणे मला कमीपणाचे वाटत होते.

आता रोज पंधरा मिनिटे थोरलीची, पंधरा मधल्याची. तेवढा वेळ बाळ सासूबाईंच्या नाहीतर शेजारच्या मावशींच्या खांद्यावर. रडले तरी तिथेच रडते. माझाच तोल जातो आहे असे वाटले, तर त्याला पाळण्यात नीट ठेवून दोन मिनिटे दाराशी उभी राहते.

भिंतीपलीकडे तान्हे रडताना ऐकू आले, तर दार वाजवा. बाळाला घ्या. आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या मोठ्या भावंडालाही विचारा, "आज काय शिकलीस, बाय?"