दान आणि दया

इंग्रजींत धर्मादायासंबंधीं ‘एलिमॉसिनरी’ असा एक विलक्षण शब्द आहे. त्याचें मूळ ग्रीक ‘एलेओस’, म्हणजे दया, हें होय. त्यावरून ‘एलेएमोसुने’ झाला; अर्थ आधीं कळवळा, मग कळवळ्यानें दिलेलें दान. मत्तयाच्या 6 व्या अध्यायांत दानधर्माला हाच शब्द आहे. इंग्रजींतील ‘आम्स’ हें त्याचेंच झिजलेलें रूप.

शब्द झिजला तर हानि नाहीं. पण दया झिजून नुसतें दान उरलें तर? कोणी म्हणेल, तुच्छतेनें टाकलेल्या भाकरीनेंही पोट भरतें. खरें आहे, म्हणून दया उपजेपर्यंत हात आखडूं नये. परंतु भाकरी घेतांना भुकेल्याची मान खालीं गेली, तर आपण त्याच्या पोटास दिलें आणि त्याचा मान हिरावला. वाचकहो, देतांना त्याच्या तोंडाकडे पाहा. दया तेथेंच उपजते.