चिंधीचे चीवर

टाकून दिलेल्या वस्तूंपासून कपडे करण्याला आता प्रतिष्ठा मिळाली आहे. बेल्जियमचा डिझायनर मार्टिन मार्जेला याने १९८९ साली फुटक्या ताटल्यांचे तुकडे तारेने गुंफून जाकीट केले, तेव्हा ते धाडस होते. आज जुन्या साड्यांचे झगे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे घागरे महाविद्यालयांच्या संमेलनातही दिसतात. या कपड्यांबरोबर एक नैतिक दावाही येतो, की टाकाऊ अंगावर घेणारा माणूस नवे विकत घेणाऱ्यापेक्षा थोडा अधिक चांगला असतो. हा दावा तपासून पाहायला हवा, कारण वस्त्राचे पुण्य कापडात असते की ते नेसणाऱ्याच्या त्यागात, हा प्रश्न नवा नाही. बुद्धाच्या भिक्षुसंघाने तो फार बारकाईने हाताळला आहे.

भिक्षूचे वस्त्र म्हणजे चीवर, आणि मूळ चीवराचे नावच पांसुकूल, म्हणजे धुळीच्या ढिगातले. उकिरड्यावर, वाटेवर, स्मशानात पडलेली फडकी वेचायची, धुवायची, जोडायची, रंगवायची आणि पांघरायची. पण विनयपिटकातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली, खरी लक्षवेधी गोष्ट पुढची आहे. मगधातल्या शेतांकडे बोट दाखवून बुद्धाने आपल्या शिष्याला, आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? भाताची चौकोनी खाचरे, त्यांमधले उभे-आडवे बांध, बांधाला छेदणारे बांध. आनंदाने तसेच बेतले: खाचराच्या जागी तुकडा, बांधाच्या जागी शिवण. पुढे गृहस्थ अखंड नवे कापड दान देऊ लागले तरी ते आधी कापायचे आणि मग जोडायचे, असे ठरले. अखंड कापड कापण्यात काटकसर कसली? कारण ग्रंथातच आहे. शस्त्राने कापलेले वस्त्र श्रमणाला शोभते आणि वैऱ्यालाही त्याचा लोभ वाटत नाही. म्हणजे इथे कात्रीने कापला जातो तो कापडाचा बाजारभाव, आणि त्याबरोबर नेसणाऱ्याचा अभिमान. चिंधी हे साधन आहे. तिच्यात स्वतःचे असे पुण्य नाही.

यावरचा सर्वांत जड आक्षेप याच भूमीतला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे. स्मशानातले तेच फडके भिक्षूच्या अंगावर वंदनीय ठरते आणि चांडाळाच्या अंगावर त्याच्या हीनतेची खूण होते. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना दुसऱ्याचे उतरलेले नेसावे लागले, त्यांच्यापुढे चिंधीचे तत्त्वज्ञान मांडणे ही क्रूरताच नाही का? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहायला आणि लुगडे नेसण्याची जुनी, जात सांगणारी पद्धत सोडायला सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे बुद्धाला शरण गेली ती पांढरी स्वच्छ वस्त्रे नेसून. त्या पांढऱ्या रंगापुढे चिंधीचा कोणताही गौरव खुजा वाटतो, आणि तो वाटायलाच हवा.

पण हा आक्षेप बुद्धाच्या विरोधात जात नाही, उलट त्याच्याच बाजूने उभा राहतो. संघातल्याच देवदत्ताने बुद्धापुढे पाच मागण्या ठेवल्या, त्यांतली एक अशी की प्रत्येक भिक्षूने जन्मभर पांसुकूलच वापरावे. बुद्धाने ती नाकारली. जीवक वैद्याने मौल्यवान वस्त्र दिले तेव्हाही बुद्धाने हेच सांगितले होते, की ज्याला पांसुकूल हवे त्याने ते घ्यावे, ज्याला गृहस्थाचे दान हवे त्याने ते घ्यावे. सक्ती आली की चिंधीतला धर्म संपतो आणि उरते ती शिक्षा. आपल्याकडे गाडगेबाबांनी हे जगून दाखवले. परिटाच्या घरी जन्मलेल्या, म्हणजे दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या कुळातल्या या माणसाने स्वतः आयुष्यभर चिंध्या पांघरल्या, पण लोकांना चिंध्या नेसा असे कधी सांगितले नाही. त्यांनी झाडू घेतला आणि स्वच्छता व शिक्षण मागितले.

मग सगळे नेसणाऱ्याच्या मनावरच सोपवायचे का? कापड कुठले, ते पुढे कुठे जाते, याला काहीच अर्थ नाही? असे मी म्हणणार नाही. जपानमध्ये पुढे उंची रेशमाचे तुकडे जोडून भिक्षूंची वस्त्रे झाली. तिथे शिवण राहिली, पण त्याग राहिला का, हा संशय घ्यावाच लागतो. मन तपासायचे तर वस्तूचा प्रवास तपासावा लागतो, आणि आनंदाने तो एकदा राजाला समजावून सांगितला आहे. उदयन राजाच्या राण्यांनी पाचशे चीवरे दान दिली, तेव्हा इतक्यांचे करणार काय, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जीर्ण चीवरांचे? पांघरुणे करू. त्यांच्या पुढे गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झाडायची फडकी. आणि ती फाटली की कुटून, चिखलात कालवून लिंपण करू.

बँकॉकजवळच्या वात चाक दाएंग या विहारात आज प्लास्टिकच्या बाटल्यांपासून धागा काढून चीवरे करतात. नदीत जाणारी बाटली अडली हे मोलाचेच आहे, तरी तो धागा लिंपणात कुजणार नाही. त्याहून मोठा फरक हातांचा आहे. आनंदाच्या साखळीत पांघरणारा आणि शेवटी चिखल कालवणारा एकाच संघातला होता. आपल्याकडे बोहारीण भांडी देऊन जुने कपडे घेऊन गेली की आपल्यापुरती साखळी तुटते. जगाने टाकलेले कपडे पानिपतला गठ्ठ्यांनी येऊन पडतात. तिथे बाया जमिनीवर बसून पात्यावर बटणे आणि चेन कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, आणि मग यंत्र ते कपडे पिंजून त्यांचे पुन्हा तंतू करते. त्या धुळीत बसणे त्यांनी किती निवडले आणि किती त्यांच्यावर आले, हे टाकाऊपासून घडवलेला एकही सुंदर पोशाख सांगत नाही. त्या बायांच्या तोंडावर बांधलेले फडकेही बहुधा त्याच ढिगातले असते.