‘राजीखुशी’चा अर्थ

सरकारी सेवेच्या चौतीस वर्षांत आम्ही जी असंख्य कागदपत्रे साक्षांकित केली, त्यांतील संमतिपत्रांचा ठरावीक मजकूर आजही आम्हांला तोंडपाठ आहे. मध्य प्रदेशचा कारभार हिंदीत चालतो. त्यामुळे ‘राजीखुशी से, बिना किसी दबाव के’ हे शब्द त्यांत हटकून असत. एका मोठ्या धरणाच्या बुडीत क्षेत्रातील गावे हलवण्याच्या कामावर असताना असेच एक पत्र आम्ही एका वृद्ध शेतकऱ्यापुढे ठेवले. त्याने मजकूर वाचून घेतला, अंगठ्याला शाई लावली आणि अंगठा कागदावर टेकवण्यापूर्वी शांतपणे विचारले, ‘साहब, पानी तो आएगा ही, फिर राजीखुशी काहे की?’ आम्ही उत्तर दिले नाही. अंगठा उमटला, प्रकरण निकाली निघाले. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्याकडे आजतागायत थकलेले आहे.

ही जुनी थकबाकी आठवण्यास कारण झाले ते गाझाचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गाझा अमेरिकेने ताब्यात घ्यावा आणि तेथील लोकांना इजिप्त, जॉर्डन आदी देशांत वसवावे, असा विचार मांडला. पुढच्याच महिन्यात इस्राएलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने गाझातील रहिवाशांच्या ‘स्वेच्छा’ स्थलांतराची व्यवस्था पाहण्यासाठी संरक्षण मंत्रालयात एक स्वतंत्र विभाग उघडण्यास मंजुरी दिली. वर्तमानपत्रात ‘स्वेच्छा’ हा शब्द वाचला आणि तो शाईचा अंगठा डोळ्यांपुढे उभा राहिला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या माणसांना अन्य देशांत वसवणे ही दया आहे की दुसरे विस्थापन, हा प्रश्न त्या दिवसापासून आमची पाठ सोडीत नाही.

प्रश्नाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. कोणी भीतीने पळाले, कोणाला शस्त्राच्या धाकाने हाकलले गेले. चारशेहून अधिक गावे ओस पडली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९४ क्रमांकाचा ठराव संमत केला. जे निर्वासित आपल्या घरी परतून शेजाऱ्यांशी शांततेने राहू इच्छितात त्यांना परतू द्यावे, आणि जे परतू इच्छीत नाहीत त्यांना मालमत्तेचा मोबदला मिळावा, असा त्याचा आशय. निवड निर्वासिताची, हे त्यातील मर्म. प्रत्यक्षात सर्वसाधारण परतीची वाट कधीच उघडली गेली नाही. १९५० साली इस्राएलने गैरहजर मालकांच्या मालमत्तेचा कायदा केला आणि ती घरे, त्या बागा सरकारी ताब्यात गेल्या. १९६७ च्या युद्धात आणखी सुमारे तीन लाख लोक विस्थापित झाले. आज संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे नोंदलेल्या निर्वासितांची आणि त्यांच्या वंशजांची संख्या सुमारे ५९ लाख आहे. गाझाची पट्टी अवघी ३६५ चौरस किलोमीटरांची. तीत वीस लाखांवर लोक, आणि त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के मूळचे अन्य गावांतून आलेल्या निर्वासितांच्या कुळांतील. म्हणजे ज्यांना ‘आता येथून निघा’ असे सांगितले जात आहे, त्यांतील बहुतेकांचे आजोबा एकदा निघालेलेच होते.

पुनर्वसनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद टाकाऊ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ते म्हणतात, विसाव्या शतकात विस्थापन कोणाच्या वाट्याला आले नाही? १९२३ च्या लोझान येथील करारान्वये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकांची अदलाबदल केली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती इकडून तिकडे आणि सुमारे चार लाख मुसलमान तिकडून इकडे गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून एक कोटीहून अधिक जर्मनांना हुसकावले गेले. आपल्याकडे फाळणीत सुमारे दीड कोटी माणसे या सीमेवरून त्या सीमेपलीकडे गेली. खुद्द अरब देशांतून आठ लाखांच्या घरात ज्यू १९४८ नंतर बाहेर पडले आणि त्यांतील बहुसंख्यांना इस्राएलने सामावून घेतले. हे सारे कोठे ना कोठे रुजले, त्यांची मुले नव्या मातीत वाढली. मग पॅलेस्टिनींनाच तीन-चार पिढ्या छावण्यांत का कुजत ठेवायचे? अरब राज्यकर्त्यांनी त्यांचे दुःख राजकारणासाठी जपून ठेवले, हा आरोपही निराधार नाही. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या पॅलेस्टिनी मुलाला कित्येक व्यवसायांची दारे बंद आहेत आणि घर विकत घेण्याचाही हक्क नाही.

या युक्तिवादात आम्हांला एकच, परंतु मोठी खोट दिसते. रुजलेल्या ज्या लोकांची उदाहरणे दिली जातात, त्यांना पलीकडे गेल्यावर त्यांचे म्हणून एक राज्य मिळाले. सिंधी निर्वासित उल्हासनगरच्या बराकीत उतरला तेव्हा त्याच्याजवळ काहीही नव्हते. पण तो या देशाचा नागरिक होता, मतदार होता, आणि सोडून आलेल्या मालमत्तेबद्दल दावा मांडण्यासाठी त्याला येथे कचेरी होती. पॅलेस्टिनी माणसाला मात्र ज्या देशात पाठवायचे तो देश त्याला आपला म्हणत नाही, आणि ज्या भूमीला तो आपली म्हणतो तेथे त्याचे राज्य अद्याप उभे राहिलेले नाही. शिवाय, एकदा अन्याय घडला व लोकांनी तो सोसला, एवढ्याने तो पुढच्यांसाठी पायंडा ठरत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराच्या ४९ व्या कलमाने व्याप्त प्रदेशातील रहिवाशांना बळजबरीने हलवणे निषिद्ध ठरवले, ते असल्याच अनुभवांतून शहाणपण आले म्हणून. लढाईमुळे तात्पुरते हलवावे लागले, तर त्या भागातील लढाई थांबताच त्यांना परत आणावे, असेही तेच कलम सांगते.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. बळजबरीला विरोध करता करता ‘कोणीही बाहेर पडू नये, पडूही देऊ नये’ असे म्हणणे कितपत नैतिक आहे? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला करून सुमारे १२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींनुसार, साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्यू पावले. दहांतील नऊ माणसांना घर सोडावे लागले. अनेकांना ते पुनःपुन्हा सोडावे लागले. १० ऑक्टोबर २०२५ रोजी युद्धविराम लागू झाला तेव्हा तीन-चतुर्थांशाहून अधिक इमारती मोडलेल्या होत्या. अशा ठिकाणी आजारी लेकराला कडेवर घेतलेल्या आईला ‘बाई, तू गेलीस तर राष्ट्राचा दावा दुबळा होईल’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? तिच्या देहाचे कुंपण करून भूमीवरचा हक्क राखावा, हे आमच्या मनाला पटत नाही.

आश्रय नाकारण्याचे पाप किती भयंकर असते, हे ज्यूंच्या इतिहासाइतके कोणी जाणत नाही. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी जर्मनी-ऑस्ट्रियातील ज्यू निर्वासितांचा विचार करण्यास जमले. प्रत्येकाने सहानुभूती व्यक्त केली आणि डोमिनिकन प्रजासत्ताकासारखा अपवाद वगळता जवळजवळ प्रत्येकाने दार लावून घेतले. पुढे काय घडले ते जगाला ठाऊक आहे. म्हणून इजिप्त वा जॉर्डन जेव्हा ‘आम्ही घेणार नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या म्हणण्यातील सत्य मान्य करूनही आम्हांला अस्वस्थ वाटते. त्यांची भीती खरी आहे: एकदा बाहेर पडलेला पॅलेस्टिनी पुन्हा आत येऊ शकत नाही, हा त्यांचा पाऊणशे वर्षांचा अनुभव आहे. मार्च २०२५ मध्ये कैरो येथील अरब परिषदेने सुमारे ५३ अब्ज डॉलरांची जी पुनर्बांधणीची योजना स्वीकारली, ती लोकांना न हलवता गाझा उभारण्याची आहे, आणि तत्त्व म्हणून तीच योग्य होय. पण योजना कागदावरून भिंतींत उतरेपर्यंत माणसांनी राहायचे कोठे?

तेव्हा खरी अडचण जाण्यात नाही, परत येण्यात आहे, असे आमचे मत झाले आहे. या बाबतीत आपल्याच भाषेच्या एका समाजाचा अनुभव बोलका आहे. कोकणातील बेने इस्राएल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. त्यांना कोणी हाकलले नव्हते. धर्माच्या ओढीने ते गेले. तेथे वागणूक व काम यांबाबत निराशा झालेल्या काही भारतीय ज्यूंनी १९५१ च्या सुमारास ‘आम्हांला भारतात परत पाठवा’ म्हणून तेल अवीवमध्ये ठाण मांडले, आणि १९५२ साली त्यांतील काहींना खरोखरच परत आणले गेले. भारताचे दार त्यांना बंद झाले नव्हते. जे तेथेच राहिले ते मनाने राहिले. आजही त्यांच्यातील जुनी माणसे घरी मराठी बोलतात. त्यांच्या जाण्याला ‘राजीखुशी’ हा शब्द शोभतो, कारण परत येणे त्यांना शक्य होते.

आणि आपण? या त्रैमासिकाच्या वाचकांतील बहुतेकांची घराणी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पदरी इकडे आली. आमच्या कुळाचे मूळ गाव साताऱ्याकडचे. तेथील वाड्याची जोती तेवढी शिल्लक आहेत आणि आम्हांला त्याचे काडीचेही दुःख नाही. कोणी म्हणेल, तुम्ही विसरलात, तसे त्यांनीही विसरावे. पॅलेस्टिनी घरांतून १९४८ साली कुलूप लावून निघताना आणलेल्या किल्ल्या नातवंडांपर्यंत जपलेल्या आढळतात, हे त्यांना वेडेपणाचे वाटते. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आपण विसरू शकलो, ते गावाकडचा रस्ता कधी बंद झाला नाही म्हणून. तिकीट काढले की कुलदैवताला जाता येते, ही खात्री असली की न जाताही चालते. ज्याला जाता येत नाही, त्यालाच किल्ली जपावी लागते.

यातून आमच्यापुरता निष्कर्ष निघतो तो असा. जो बाहेर पडू इच्छितो त्याला आश्रय द्यावा. शेजाऱ्यांनीच नव्हे, तर सल्ला देणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांनीही द्यावा. परंतु त्या आश्रयाची किंमत म्हणून त्याच्या घरावरचा हक्क लिहून घेऊ नये. जॉर्डनने १९५४ च्या कायद्याने बहुतेक पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिले, तरी त्यांची निर्वासित म्हणून नोंद कायम राहिली. नवे घर आणि जुना दावा एकत्र नांदू शकतात, याला हा पुरावा पुरेसा आहे. आणि जाणाऱ्याच्या हाती परतीचा, पाळला जाईल असा कागद असल्याखेरीज त्याच्या जाण्याला कोणी स्वेच्छा म्हणू नये. सप्टेंबर २०२५ च्या अमेरिकी आराखड्यात कोणालाही गाझा सोडण्याची सक्ती होणार नाही आणि जाणारे परत येऊ शकतील, असे शब्द आहेत. शब्द चांगले आहेत. तथापि जन्मभर शब्दांवर शिक्के मारल्यामुळे आम्हांला ठाऊक आहे, की कागदावरील शब्दाची पारख तो लिहिताना होत नाही. पहिला माणूस परतीच्या दाराशी येऊन उभा राहतो तेव्हा होते.

इस्राएलच्या चिंतेला यात उत्तर नाही, असा आक्षेप येईल. लाखो लोक १९४८ पूर्वीच्या घरी परतले तर ज्यूंचे राष्ट्र उरणार नाही, ही त्यांची भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. किती जणांनी परतावे, कितींनी मोबदला घ्यावा, हे वाटाघाटीनेच ठरेल आणि त्यात दोन्ही बाजूंना काही सोडावे लागेल. पण हक्क सोडणे आणि हक्क बुडवणे यांत अंतर आहे. सोडतो तो मालक. त्याला आधी मालक मानावे लागते. गाझातील माणसाने गाझात परत येण्याचा प्रश्न तर त्याहून कितीतरी सोपा आहे. तेथे अशी अडचणही नाही.

त्या वृद्ध शेतकऱ्याला आम्ही काय उत्तर द्यायला हवे होते, हे आता सांगता येते. ‘बाबा, तुमचे खरे आहे. हा शब्द येथे नको,’ असे म्हणून त्या दोन शब्दांवर आम्ही रेघ ओढायला हवी होती. पाणी त्यामुळे थांबले नसते. त्याला मोबदलाही अधिक मिळाला नसता. पण आपल्या गावाचे बुडणे आपण स्वतःच मागून घेतले, असे त्याच्या अंगठ्याकडून तरी वदवले गेले नसते. तेवढे आमच्या हाती होते, आणि ते आम्ही केले नाही.