बर्फ आणि नकार

चिपळूण तालुक्यातलं सावर्डे मुंबई-गोवा महामार्गावर आहे. समुद्र इथून दिसत नाही, तरी ताटात मासळी लागतेच. कोकणात अशा आतल्या गावांपर्यंत ती पोचते बहुतेक बायकांच्या हातून. सकाळी ठामपणे सांगितलेला वाट्याचा भाव दुपारनंतर खाली येऊ लागतो. संध्याकाळी ‘मावशी, शेवटचं सांगा’ म्हटलं, की तीही फार ताणत नाही. आपण खूश होतो. पण ही सूट तिने दिलेली असते, की आपण काढून घेतलेली?

वरवर पाहता व्यवहार दोघांच्या मर्जीचा आहे. पण ‘हो’ला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा ‘नाही’ म्हणणं परवडतं. बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. आपल्या हवेत मासळी नीट टिकवायची तर साधारण तिच्या वजनाइतका बर्फ लागतो. फुटक्या थर्माकोलच्या पेटीत तो भराभर वितळतो. म्हणजे घासाघीस सुरू होते तेव्हा वेळ आपल्या बाजूला असतो, तिच्या नाही.

म्हणून बर्फ टिकवणारी चांगली पेटी ही मला नुसती सोय वाटत नाही. ती तिला एक रात्र मिळवून देते. ‘या भावात नाही देणार, उद्या विकेन’ हे वाक्य त्या पेटीमुळे शक्य होतं.

सरकारलाही हे काही प्रमाणात कळलंय. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटी असलेल्या दुचाकी आणि तीनचाकींसाठी अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिलांना 60 टक्के. चांगलंच आहे. पण उरलेले 40 टक्के कुठून आणायचे? आणि गाडी तिच्या नावावर आली, तरी चावी कुणाच्या खिशात राहणार? हे प्रश्न अनुदानाने सुटत नाहीत.

‘चांगलं साधन’ म्हटलं की कुणासाठी चांगलं, हे विचारावंच लागतं. पर्ससीन जाळीही चांगलं साधन आहे, एलईडी दिवेही. त्यांनी इतकी मासळी एकदम उपसली जाते, की 2016 मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि 2017 मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. छोट्या होडीवाल्याची जाळी रिकामी आली, तर त्याच्या घरच्या बाईला बर्फपेटी देऊन काय उपयोग? माझी कसोटी साधी आहे: या साधनाने कुणाचा नकार बळकट होतो?

मी सॉफ्टवेअर लिहितो. वापरणाऱ्याला न विचारता बनवलेल्या वस्तूचं काय होतं, ते आमच्या धंद्यात रोज दिसतं. भरलेली पेटी तिला एकटीला एसटीत चढवता येत नसेल, तर तिच्या लेखी ती वाईटच. हे तीच सांगू शकते. पण तिला विचारायला आधी ती ‘मच्छीमार’ म्हणून दिसायला हवी. समुद्रात जातो तोच मच्छीमार, असं आपण धरून चालतो. जगभर मात्र छोट्या मासेमारीवर जगणाऱ्या दर दहा माणसांत चार स्त्रिया आहेत, असं जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचा 2023 चा अहवाल सांगतो.

एक आक्षेप खरा आहे. संध्याकाळी स्वस्त वाटा घेणारा प्रत्येक जण सुखवस्तू नसतो. दिवसभर राबून परतणाऱ्या मजुराच्या घरीही त्यामुळेच कालवण होतं. तिचा भाव टिकला, तर त्याच्या ताटातलं कमी होईल. पण एका गरिबाचं जेवण दुसऱ्या गरिबाच्या नाइलाजावर उभं राहावं, हा न्याय नव्हे. त्याला परवडेल अशी मजुरी मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्याचं बिल तिच्या पाटीवर फाडता येत नाही.

आपल्यासारख्या पगारदारांचा हिशोब तर सोपा आहे. तिच्याकडे चांगली पेटी आली, की आपल्याला संध्याकाळची सूट मिळणार नाही. तिला मदत व्हावी असं आपल्याला खरंच वाटत असेल, तर एवढं महाग पडायला आपली तयारी हवी.