किटलीच्या अलीकडचे

पंचहौद मिशनमधल्या चहाची गोष्ट पुणेकराला नव्याने सांगायला नको. ऑक्टोबर १८९०. गुरुवार पेठेतल्या त्या मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातले नामवंत जमले आणि नंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा प्यायले, कोणी कप नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी स्नेह्यांसाठी ते घेतले आणि सुधारकांचे बोल ऐकून घेतले.

ही गोष्ट नेहमी पिणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. मी ख्रिस्ती घरातला, त्यामुळे मला कुतूहल किटलीच्या अलीकडे उभ्या असलेल्यांचे. त्या अँग्लिकन मिशनऱ्यांनी पाहुणचार मनापासून केला असेल, शंका नाही. पण त्यांचे त्यात गेले काय? थोडे दूध, थोडी साखर. जातीबाहेर पडण्याची धास्ती, घरातली बोलणी, वर्तमानपत्रातली बदनामी, हे सगळे पाहुण्यांच्या वाट्याला आले. यजमानाला काहीच सोडावे लागत नसेल, तर तो पाहुणचार जरा स्वस्तातलाच म्हणायचा.

आमची मंडळी पंचहौदएवढी जुनी नाही आणि मोठी तर नाहीच. तिकडे १८८५ चे भव्य देऊळ आणि आठ घंटांचा वेगळा मनोरा. आमच्याकडे बैठे छप्पर आणि पावसाळ्यात ओल धरणारी एक भिंत. मूळ परंपरा मात्र तीच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात अँग्लिकनही आले. त्यामुळे आमचे पाळक झगा घालतात, उपासना छापील क्रमाने चालते, आणि गाणी म्हणाल तर टिळकांची, पेटी-तबल्यावर. (आमच्यात टिळक म्हटले की आधी रेव्हरंड नारायण वामन. लोकमान्य नंतर.)

उपासना संपली की मागच्या व्हरांड्यात चहा होतो. पण मंडळी खऱ्या अर्थाने पाहायची तर कापणीच्या सणाला. शेती कोणाचीच उरलेली नाही, तरी वेदीपुढे ढीग लागतो: गच्चीवरची वांगी, गावाहून आलेली ज्वारी, लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या, कोणाच्या तरी कोंबडीची सहा अंडी. आशीर्वाद झाला की त्याचा लिलाव. लिलाव पुकारतात ते एक निवृत्त मास्तर, आणि ते भाव चढवण्यासाठी माणसांच्या अब्रूलाही हात घालतात. एका वर्षी एक दुधीभोपळा दीडशेला गेला. घेणाऱ्याने तो परत ढिगात ठेवला, मग दोनशेला गेला, पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा ज्या बाईंनी घेतला, त्यांनी तो मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या हातात दिला. ती नर्सिंग शिकायला पुण्यात आलेली, मंडळीत नवी. ती हळूच म्हणाली, “काकू, होस्टेलला गॅस नाही.” झाले! दुधीसकट तिलाच घरी नेले जेवायला. पुढे ती दर रविवारी त्याच घरी जेवू लागली.

आमच्या मंडळीचे हे मला आवडते. पण याच व्हरांड्यात आणखी एक गोष्ट चालते, आणि ती मला खटकते. नवा माणूस आला की चहाचा कप हातात पडण्याआधी प्रश्न येतो, “मूळचे कुठले?” मग आडनाव, मग आजोळ, मग कोणत्या मिशनमधले. विचारणाऱ्याच्या मनात काही नसते असे मी पूर्वी समजत असे, आता तितकेसे समजत नाही. नगरकडच्या, मराठवाड्याकडच्या मंडळ्या गावातल्या ठरावीक वस्त्यांतून उभ्या राहिल्या. गाव आणि आडनाव कळले की बाप्तिस्म्याआधीची चार पिढ्यांमागची जात कळते, आणि सोयरीक जमवताना ते कळलेले बरोबर उपयोगी पडते. प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला ओठ लावणारी माणसे हे करतात. ज्याला या प्रश्नांचा अर्थ ठाऊक आहे तो हसून उत्तर देतो आणि पुढच्या रविवारी येत नाही.

यजमानाने काहीतरी सोडणे म्हणजे काय, याचे उदाहरण याच शहरात घडलेले आहे. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. पुढे त्याचा आश्रम शिवाजीनगरला उभा राहिला. रेव्हरंड टिळकांवर विन्स्लोंची भक्ती होती, त्यांनी टिळकांचे चरित्रही लिहिले. या आश्रमात इंग्रज आणि हिंदी माणसे खादी घालून, जमिनीवर बसून, एका पंगतीला जेवत. त्या काळच्या इंग्रजाने साहेबपण बाहेर ठेवून आत यायचे, ही अट साधी नव्हती. १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन याच संघात आले, गांधीजींच्या बाजूचे झाले आणि सरकारच्या डोळ्यांवर आले. इथे किंमत पाहुण्याने मोजली नाही.

आम्हाला एवढे काही सोडायचे नाही. कोणाचा पोलीस आमच्या मागे लागणार नाही. सोडायचा आहे तो एक प्रश्न, आणि त्याबरोबर चहाच्या किटलीवरचा हक्क. आमच्याकडे चहाची पाळी वर्षानुवर्षे त्याच सात-आठ घरांत फिरते. बाकीच्यांनी प्यायचा आणि ‘छान झाला’ म्हणायचे. ज्याला कधी कपबश्या विसळू दिल्या नाहीत तो दहा वर्षे आला तरी पाहुणाच राहतो. ती नर्सिंगची मुलगी आमची झाली, तीही दुधी मिळाला म्हणून नव्हे. पुढच्या सणाला तो चिरायला बसली म्हणून.

तेव्हा आमच्या आणि इतर मंडळ्यांतल्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. पुढच्या महिन्याचा पाळीचा तक्ता फळ्यावर लावाल, तेव्हा त्यात याच वर्षी आलेल्यांची दोन-तीन नावे घाला. त्यांचे गाव न विचारता घाला. त्यासाठी समितीचा ठराव लागत नाही.